वळणापलीकडची घंटी

लटारूभाऊ, उद्या सकाळी मला मोहगट्ट्याला जायचं आहे आणि मला फार भीती वाटते आहे. हे सांगायला दुसरं कुणी नाही. आलापल्लीत मी धीराची नर्सबाई म्हणून ओळखली जाते. सायकलवर बसून जंगलातल्या बायांची बाळंतपणं करते, वाघाला भीत नाही, अस्वलाला भीत नाही. ही ख्याती तुम्हीच डाकेबरोबर गावोगाव वाटलीत. तेव्हा आता खरं काय ते ऐकून घेण्याची पाळीही तुमचीच.

तुम्ही गेल्यावर तेराव्या दिवशी, काल, तुमची तेरवी झाली. पोस्टमास्तर आले, जंगलखात्याचे दोन गार्ड आले, चामोर्शीकडून तुमचे भाऊबंद बैलांच्या बंड्या जुंपून आले. मोहगट्ट्याची चार माडिया माणसं तर अकरा मैल चालत आली आणि पंगती उठेपर्यंत अंगणाच्या कडेला उकिडवी बसून राहिली. जो तो तुमच्याबद्दल बोलत होता, आणि फिरून फिरून एकच बोलत होता, की लटारूला भीती म्हणून ठाऊक नव्हती. मी पत्रावळीवरचा भात चिवडत बसले होते. तुमचं नाव निघालं की माझ्या कानात एक आवाज सुरू होतो. टक्, टक्, टक्. त्याबद्दल मी सांगणारच आहे, पण लगेच नाही. लगेच सांगायला गेले तर कागद इथेच टाकून उठेन.

दुपार आहे. दवाखान्यात कुणी नाही. पेटीत माझा बदलीचा अर्ज लिहून ठेवलेला आहे, फक्त तारीख घालायची राहिली आहे.

चार वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हाही घाबरलेलीच होते. नवरा गेल्यावर वरोऱ्याला भावजयीच्या चुलीपाशी दोन वर्षं काढली, मग नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती या जंगलात. दवाखान्याच्या पडवीत एक कोरी करकरीत काळी सायकल उभी होती. कुणाची म्हणून विचारलं तर माझीच निघाली. मला वाटलं होतं बैलबंडी मिळेल. पंधरा दिवस मी त्या सायकलीला हात लावला नाही. तुम्ही रोज डाक द्यायला यायचात, सायकलीकडे बघायचात, माझ्याकडे बघायचात आणि निघून जायचात. शेवटी एक दिवस राहवलं नाही तुम्हाला.

"बाई, हे घोडं दाना-पानी नाई मांगत. बसून त पहा."

"मी पडेन."

"पडानच. पडल्याबिगर कोनाले आली हाय सायकल?"

तलावाच्या पाळीवर तुम्ही मला शिकवलंत. मी काष्टा आवळून चढायची, तुम्ही मागून सीट धरून पळायचात आणि ओरडायचात, "समोर पाहा, समोर! चाकाकडं काऊन पाहून राह्यल्या?" तिसऱ्या दिवशी मी सायकलीसकट तलावात गेले. जाळी टाकत बसलेल्या तुमच्याच ढिवर जातभाईंनी मला ओढून काढलं. तुम्ही पाळीवर पोट धरून बसला होतात. "आज मासोयी मोठी गावली रे," असं त्यांना सांगत होतात. मी आठ दिवस तुमच्याशी अवाक्षर बोलले नाही. ढिवराच्या पोरांना मात्र ती गोष्ट अजून पुरते आहे.

सायकल आली, मग वाट आली. मोहगट्ट्याची वाट तुम्हाला सांगायची काही गरज नाही, पण मला ती स्वतःला एकदा सांगू द्या. सागवानाच्या डेपोमागून निघायचं. पहिले तीन मैल जंगलखात्याची मुरमाची सडक, दोन्ही बाजूंना साग, आणि रस्ता असा हलक्या उताराचा की पायडल न मारताही सायकल आपली चालते. मग नाला. पावसाळा उतरला की गुडघाभर पाणी, चपला पिशवीत, सायकल खांद्यावर. नाल्यानंतर चढ. चढावर बांबूचं रान. तिथे वारा नसला तरी बांबू एकमेकांवर घासून कुरकुरत राहतात, म्हणून मला तो चढ कधीच आवडला नाही. तिथे उतरून सायकल हातात धरून न्यायची. चढाच्या माथ्यावर डहाळ्यांचा ढीग. ढिगाला लागून बेहड्याचं मोठं झाड आणि त्याच्या बुंध्याशी वाट अशी वळते की पुढचं काही दिसत नाही. वळणानंतर मोकळा उतार, मोहाची झाडं, आणि मोहाखालून पायवाटेनं थेट गाव. या अकरा मैलांत आपल्याला महिनोन् महिने दुसरी सायकल भेटायची नाही. कधी बांबूची बंडी भेटली तर ती. बाकी आपल्या दोन चेनींचा आवाज.

त्या ढिगाशी तुम्ही पहिल्याच फेरीत मला थांबवलंत. कुणा जुन्या काळच्या बांबू तोडणाऱ्याला वाघानं तिथून नेलं होतं. तेव्हापासून येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी तोडतो, त्या जागी टाकतो आणि मागे न बघता पुढे जातो. का टाकायची, ते तुम्हालाही सांगता आलं नाही. "सगळे टाकते म्हनून आपुन टाकाची," एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही दोन डहाळ्या टाकल्यात. दुसरी कुणाची म्हणून विचारलं तर म्हणालात, "तुमाले ठाव नोतं, म्हनून तुमची मी टाकली."

नियमही तिथेच घालून दिलात. तुम्ही पुढे, मी मागे, मध्ये पन्नासेक पावलं, म्हणजे एक घसरला तर दुसरा त्याच्या अंगावर यायला नको. वळण आलं की मी एक पाय जमिनीला टेकवून थांबायचं. तुम्ही वळून पुढचं बघायचं. वाट मोकळी असली की तुम्ही घंटी दोनदा वाजवायची, मी एकदा वाजवायची आणि निघायचं.

"आणि घंटी वाजली नाही तर?"

"त यायचं नाई. जिथी हाव तिथीच उभं राहाचं. काई आडवं आलंच, त एक मानूस बस झाला त्याले. दोघाचं काम नाई."

तुम्ही हे हसत सांगितलंत. मी मात्र ते असं पाठ करून ठेवलं की झोपेतही म्हणावं.

चार वर्षांत घंटी न वाजण्याची वेळ दोनदाच आली. एकदा अस्वलीण पिलांना घेऊन वाट ओलांडत होती. ती पार गेल्यावर तुम्ही वाजवलीत. दुसऱ्यांदा मी किती तरी वेळ उभी राहिले, रडकुंडीला आले, देवाचं नाव घेतलं, आणि मग वळणाआडून तुमचा खोकला ऐकू आला. तुम्ही दगडावर बसून तंबाखू मळत होतात. मी तुम्हाला त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही कान धरलात, पुन्हा असं करणार नाही म्हणालात, आणि खरंच कधी केलं नाहीत.

आपली दोन भांडणं अर्धीच राहिली आहेत. पहिलं घंटीचं. मी म्हणायची, घंटीनं वाघाला कळतं जेवण कुठल्या वळणावर आलं आहे. तुम्ही म्हणायचात, घंटीनं त्याला कळतं की माणूस येतो आहे, मग तोच बाजूला होतो. तुमच्या आधीचा डाकवाला घुंगरू लावलेला भाला घेऊन चालायचा आणि म्हातारा होऊन खाटेवर मेला, हा तुमचा पुरावा. "आणि त्याच्या आधीचा?" असं मी विचारलं की तुम्हाला नेमकी तंबाखू थुंकायची असायची.

दुसरं भांडण भीतीचं. मी भीती वाटली की बोलून टाकणारी बाई. चढावर, नाल्यात, ढिगाशी, दर वेळी मी तुम्हाला सांगायची की मला भीती वाटते. तुम्ही म्हणायचात, भीती बोलून दाखवली की ती तोंडातून पायात उतरते. एकदा मी चिडून विचारलं, "लटारूभाऊ, तुम्हाला कधीच काही वाटत नाही का हो या वाटेचं?"

"काय वाटाचं? मी त हप्त्यातून एकदा जातोच. एकलाच जात होतो. तुमी आल्या काय अन् नाई आल्या काय. बोलाले कोनी असलं त बरं, एवढंच."

मला ते फार लागलं. चार वर्षं मी स्वतःला तुमच्या सायकलीवरचं जादा ओझं समजत आले. तुम्ही असं म्हणालात त्याच वर्षी आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "मंग आता नाल्यावर पूल होते काय?" सगळे हसले, मीही हसले, पण मनात हेच घोळत होतं की पूल झाला की या माणसाला माझी कटकट तरी कमी होईल.

आता त्या दिवसाचं सांगते.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते, नाला नुकताच उतरला होता. मोहगट्ट्याची चिन्नी दसऱ्याच्या बाजाराला आली होती तेव्हा मी तिच्या पोटावरून हात फिरवला होता. सातवा महिना सरत आलेला आणि बाळ आडवं. पहिलं मूल तिचं असंच आडवं येऊन गेलं होतं, ती कशीबशी वाचली होती. मी तिला शब्द दिला होता, वाट मोकळी झाली की येईन, चोळून बाळ वळवून बघेन, नाही वळलं तर वेळेआधीच बंडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेईन. तुम्हाला त्याच गावाची डाक होती.

सकाळी तुम्ही दवाखान्यासमोर येऊन उभे राहिलात तेव्हा तुमचे डोळे लाल होते आणि ओठ सुकलेले होते. लटारूभाऊ, मी नर्स आहे. हिवताप मला दहा पावलांवरून ओळखता येतो. पावसाळ्यानंतर या गावात घरोघर एक तरी खाट त्यानं अडवलेली असते. माझ्या पेटीत गोळ्या होत्या. मी विचारलं, "अंगात ताप आहे का?" तुम्ही म्हणालात, "नाई बाप्पा, झोप नाई झाली." आणि मी मान हलवली.

मी तुमच्या कपाळाला हात लावला नाही. हात लावला असता तर ताप कळला असता. ताप कळला असता तर तुम्हाला घरी पाठवावं लागलं असतं. तुम्ही घरी गेला असतात तर मला एकटीला जावं लागलं असतं. हे सगळं मी सायकलीचा स्टँड काढता काढता ठरवून टाकलं. मनाला सांगितलं, संध्याकाळी परत आलो की देऊ गोळ्या, एका दिवसानं काय होतंय.

नाल्यात तुम्ही सायकल खांद्यावर घेतलीत आणि मध्येच उभे राहिलात. मला वाटलं पाणी बघता आहात. चढावर दोनदा थांबलात. एरवी चढावर तुम्ही मला चिडवायचात, त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीत, आणि मला वाटलं, बरं झालं, आज चिडवत नाहीत. ढिगावर तुम्ही डहाळी टाकलीत, मी टाकली. तुम्ही सायकलवर बसलात आणि बेहड्याच्या आड गेलात. मी एक पाय टेकवून उभी राहिले.

घंटी वाजली नाही.

आधी वाटलं, तंबाखू. मी मनात तुम्हाला शिवी घातली. मग वाटलं, अस्वल असेल, जाईल. मग हाक मारावीशी वाटली, पण तोंडातून आवाज निघेना. त्या जागी एरवी पाखरं असतात, वानरं असतात. त्या वेळी काहीच नव्हतं, की मलाच ऐकू येत नव्हतं, हे मला अजून सांगता येत नाही. आणि मग वळणाच्या पलीकडून आवाज आला. टक्. थोडा वेळ काही नाही. मग टक्, टक्. बारीक, कोरडा. दाताखाली हाड फुटावं तसा.

माझे पाय गेले. खरंच गेले, सायकलीच्या दांडीवर रेलून मी कशीबशी उभी होते. मी डोळ्यांसमोर सगळं बघितलं, तुम्हाला कुठून धरलं असेल, कुठून सुरुवात केली असेल. तुमचा नियम मी मनात म्हणत होते, यायचं नाई, जिथी हाव तिथीच उभं राहाचं, दोघाचं काम नाई. इतका मनापासून कुणाचा शब्द मी आयुष्यात पाळला नसेल. ऊन माझ्या पावलावर होतं, ते सरकत सरकत पुढच्या चाकावर गेलं, तेवढा वेळ मी ते ऊनच बघत राहिले. आवाज मधूनमधून येत होता. मग फार वेळानं येऊ लागला. मग थांबला. आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं. लटारूभाऊ, मला हायसं वाटलं. वाटलं, पोट भरलं त्याचं, गेला.

मागून बांबूची रिकामी बंडी आली. गाडीवानाला मी बोटानं वळण दाखवलं. त्याच्या बैलांच्या आडोशानं मी वळण ओलांडलं.

तुम्ही वाटेच्या कडेला कुशीवर पडला होतात, वळणापासून वीस पावलंसुद्धा नाहीत. वाघ नाही, अस्वल नाही, कुणीच नाही. सायकल तुमच्या अंगावर, हँडल चिखलात रुतलेलं, घंटीची वाटी चिखलात पार दाबून बसलेली. तुमचा अंगठा खटक्यावर होता. चिखलात बसलेली घंटी वाजत नाही. खटका तेवढा आतल्या आत टक् टक् करतो.

तुमचं अंग तव्यासारखं भाजत होतं. बंडीत घालून तुम्हाला परत आणलं. अख्खी वाट मी तुमचा तो अंगठा मुठीत धरून बसले होते आणि तो मुठीत हलत होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. एकदाही डोळे उघडून बघितलं नाहीत. बोलावून आणलेले डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात चढला होता, पाऊण तास इकडे की तिकडे, काही फरक पडला नसता. वळणावर मी थांबले होते एवढं त्यांना सांगितलं होतं. सकाळचे लाल डोळे मी त्यांना सांगितले नाहीत. त्यानं फरक पडला असता का, हे मी विचारलंच नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. गावाला तर मी एवढंच सांगितलं, की लटारूभाऊ पडले आणि देवासारखी बंडी आली. गाव म्हणालं, बाई मोठी धीराची.

काल पंगती उठल्यावर मी तुमच्या तानाबाईजवळ भांडी घासायला बसले. तिनं नको म्हटलं, मी ऐकलं नाही. राखेनं परात घासता घासता मी तिला सगळं सांगितलं. डोळे, कपाळ, वळण, आवाज, ऊन. तिचा हात मध्ये थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, आता ही परात माझ्या डोक्यात घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "त्याले भेव लागे."

"कशाचं?"

"त्या वाटेचं. लय भेव. तुमी याच्या पयले तो एकला कदी गेलाच नाई. बाजाराच्या बंड्या निंगल्या का त्याच्या मांगं मांगं जाये. बंड्या नसल्या त डाक पडून राहे. दोनदा सायबाची बोलनी खाल्ली त्यानं. मंग तुमी आल्या. मले म्हने, बाईले सायकल शिकवून देतो, माह्या मांगं एक घंटी पायजे."

"मला तर म्हणायचे, एकटाच जातो."

"तुमाले कसं सांगन तो? तुमी भेल्या त भेल्या, तो बी भेला असता त दोघं जन इथीच बसले असते ना बाई."

मी रडायला लागले. म्हटलं, "तानाबाई, मी नुसती उभी राहिले हो."

"हाव," ती म्हणाली. "तो बी उभाच राह्यला असता."

तिनं घासलेली परात माझ्या हातात दिली आणि मी ती विसळली. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पन सकारी तुमी त्याच्या कपाळाले हात लावाले पायजे होता." मी हो म्हटलं. मग आम्ही दोघींनी राहिलेली सगळी भांडी घासली.

रात्रभर मला तुमचा राग येत होता. चार वर्षं तुम्ही मला फसवलंत. मी तुम्हाला दर चढावर माझी भीती सांगत होते आणि तुम्ही मागे वळून हसत होतात, आणि तुम्हीही माझ्याइतकेच भ्यायलेले होतात. एकदा तरी सांगायचं होतं. सांगितलं असतं तर मला कळलं असतं की मी मागून एकदा घंटी वाजवते ती तुम्हाला हवी असते. मी ती कित्येकदा आळसानं वाजवायचीच नाही. तेव्हा तुम्ही पुढे गप्प व्हायचात आणि मला वाटायचं दमले असतील. आता वाटतं, त्या तेवढ्या वेळात तुम्ही त्या रानात एकटे असायचात. मला माफ करा. आणि सायकल शिकवलीत, त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. ती कशासाठी शिकवलीत हे कळल्यावर तर जास्तच.

काल निघताना मोहगट्ट्याच्या माणसांतला एक जण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चिन्नीचा नवरा. त्यानं जोहार घातला आणि विचारलं, "बाई, तू येशील?" माडिया माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, आणि त्यांचं विचारणं असं सरळ असतं की पळवाट सापडत नाही. आठवा महिना सरत आला आहे. बाळ वळवायचं तर आता, पुढे त्याला फिरायला जागा राहायची नाही. मी येते म्हणून बसले. मग त्यानं सांगितलं की वळणाच्या पलीकडे, तुम्ही पडलात तिथे, आता दुसरा ढीग झाला आहे. तुम्हाला वाघानं नेलं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी येणारा-जाणारा तिथे डहाळी टाकतो. वाघाच्या ढिगापेक्षा मला त्या ढिगाची जास्त धास्ती आहे. उद्या त्याच्या शेजारून जायचं आहे, आणि डहाळी हातात घेऊन थांबायचंही आहे.

आज सकाळी तुमच्या जागी आलेला डाकवाला दवाखान्यात आला. वारलू नाव, सिरोंच्याकडचा, दोन पोरांचा बाप, मिशा अशा की पोलीस वाटावा. तुमचीच सायकल त्याला मिळाली आहे. हँडल सरळ करून घेतलं आहे, घंटीची वाटी घासूनपुसून चकचकीत केली आहे. तो दारातच घुटमळत उभा राहिला.

"बाई, तुमी उद्या मोहगट्ट्याले जाऊन राह्यल्या म्हन्ते. मले बी तिथलीच डाक हाय. मी आपला तुमच्या मांगं मांगं येतो. तुमाले भेव नाई लागत, असं सारे सांगते."

जिभेवर तुमचंच वाक्य आलं होतं. मी तर एकटीच जाते, तू आलास काय अन् नाही आलास काय. ते मी गिळलं.

"लागते," मी म्हटलं. "फार लागते. म्हणून तू माझ्याबरोबर चल."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हा आता तब्येतीची सबब सांगून गावाकडे जातो. पण तो मटकन पायरीवर बसला आणि म्हणाला, "मले बी, बाई. काल रातची भाकर नाई गेली." मग मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. त्याला काही कळलं नाही, तो बावरला.

मी त्याला नियम सांगितला. मी पुढे, तो मागे. वळणावर मी बघेन, दोनदा वाजवीन, मग त्यानं एकदा वाजवायची. न चुकता वाजवायची, हात दुखला तरी.

"अन् तुमची घंटी नाई वाजली त?"

तुम्ही काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे, लटारूभाऊ. तुमचा नियम मी मोडते आहे.

"नाही वाजली तर लगेच यायचं," मी म्हटलं. "उभं राहायचं नाही. पाय हलत नसतील तर सायकल टाकून रांगत यायचं. आणि टक् टक् असा आवाज आला तर धावत यायचं."

"टक् टक्? कशाचा आवाज तो?"

मी त्याच्या हातातून तुमची सायकल घेतली. विहिरीजवळ सांडपाण्यानं माती भिजलेली असते, तिथे नेऊन आडवी टाकली. हँडल दोन्ही हातांनी दाबलं, वाटी चिखलात पुरती रुतवली, आणि गुडघ्यावर बसून अंगठ्यानं खटका ओढला. टक्. मध्ये थांबले, त्या दिवशी आवाज थांबला होता तेवढी. मग टक्, टक्.

वारलू वाकून ऐकत होता. मी पुन्हा ओढला, पुन्हा पुन्हा ओढला, त्याला नीट ओळखता यावा म्हणून.

"हे त घंटीच हाय, बाई," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "घंटीच आहे."